वायूंचे आकारमान आणि तापमान

दाब कायम असताना ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्या केल्विन तापमानाच्या (सेल्सिअसच्या आकड्यात सुमारे २७३ मिळवून येणाऱ्या) सम प्रमाणात बदलते. हा चार्ल्सचा नियम. ०° से. तापमानाला जेवढे आकारमान असेल, त्याच्या सुमारे १/२७३ इतकी भर दर अंशामागे पडते. तापलेले रेणू जास्त वेगाने भिंतींवर आदळतात; दाब वाढू द्यायचा नसेल तर वायूला पसरावेच लागते. गणितात सेल्सिअसचे आकडे तसेच घातले की उत्तर हमखास चुकते. २०° चे ४०° झाले म्हणून आकारमान दुप्पट होत नाही. २९३ केल्विनचे ३१३ होतात, वाढ जेमतेम ७ टक्के.

जॅक चार्ल्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यातून उड्डाण केले. वायूंच्या प्रसरणावरचे प्रयोग त्याने १७८७ च्या सुमारास केले, पण छापले नाहीत. गे-ल्युसॅक या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये स्वतःची मोजमापे प्रसिद्ध करताना चार्ल्सचा उल्लेख केला, म्हणून नाव टिकले.

नियमातली खरी मेख ‘दाब कायम’ या अटीत आहे. सातारा-सांगलीकडे ही अट पाळणारी वस्तू म्हणजे तरंगत्या टाकीचा गोबरगॅस. टाकीचे वजन तेच, त्यामुळे आतला दाबही जवळपास तोच. वायू वाढला की टाकी वर उचलली जाते. आतला वायू ३०° वरून ४०° से.वर गेला तर आकारमान सुमारे ३.३ टक्के वाढते. वायूचा थर एक मीटर उंचीचा असेल तर टाकी तीनेक सेंटीमीटर चढेल. त्याहून बराच जास्त चढ दिसला, तर तो बहुतांशी नव्याने तयार झालेल्या वायूचा.

कराड-वाळव्याकडच्या गुऱ्हाळात हाच नियम जाळ ओढून घेतो. चुलवाणात चिपाडे पेटली आणि चिमणीतला धूर ३२७° से. असला, बाहेरची हवा २७° से. असली, तर केल्विनमध्ये हे आकडे ६०० आणि ३०० होतात. आकारमान दुप्पट, म्हणजे घनता निम्मी. हलका धूर वर जातो आणि चुलवाणाच्या तोंडातून ताजी हवा आत येते. चिमणी गार असेपर्यंत ही ओढ बसत नाही. तोवर धूर जाळ घालणाऱ्याच्याच डोळ्यांत.

महामार्गावर तापलेल्या टायरची गोष्ट वेगळी. टायर फारसा फुगू शकत नाही, म्हणून तिथे आकारमानाऐवजी दाब वाढतो.

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेल्यावर वेफर्सचे पाकीट टम्म फुगते, त्याचे श्रेयही चार्ल्सला देऊ नये. वर हवा थंड असते, या नियमाने पाकीट आक्रसायला हवे. पण सुमारे ६०० मीटरच्या चढात बाहेरचा दाब ७ टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि पाचेक अंशांच्या गारव्याने होणारी घट २ टक्केही भरत नाही.