कवळीची तार ढिली का पडते?

अर्धी, म्हणजे काही दातांपुरतीच कवळी तोंडात टिकते ती जवळपास पाव मिलिमीटरच्या आधारावर. दात मधोमध फुगीर असतो आणि हिरडीकडे निमुळता होत जातो. कवळीच्या तारेचं, म्हणजे क्लॅस्पचं, टोक या फुगवट्याच्या खाली जाऊन बसतं. कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव क्लॅस्पला फुगवट्याखालची पाव मिलिमीटरची खाच पुरते, वाकवून केलेल्या स्टीलच्या तारेला अर्धा मिलिमीटर चालतो, कारण ती जास्त लवचीक असते.

कवळी घालताना आणि काढताना, दोन्ही वेळा तार फुगवट्यावरून जाताना फाकते आणि पुन्हा मिटते. दिवसातून तीनदा कवळी काढली, तर वर्षात दोन हजाराच्या वर वेळा. रोजच्या या ताणाने धातू थकतो. त्यात कवळी चावून बसवायची आणि एकाच तारेत नख घालून ओढायची सवय असेल (बहुतेकांना असते!), तर तार लवचीकतेची मर्यादा ओलांडते आणि फाकलेलीच राहते.

अशी तार डेंटिस्ट पक्कडीने किंचित आत वळवतो. घरी हा प्रयोग नको. ओतीव क्लॅस्प तर दोन-चारदा वाकवला की कटकन तुटतो. शिवाय दात किडला किंवा हलला असेल, तर नुसती तार आवळून काहीच होत नाही.

तार मुळातून निघाली तर काम वाढतं. कवळीचं प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅक्रिलिक, धातूला आपणहून चिकटत नाही. म्हणून तारेचं गाडलेलं टोक नागमोडी ठेवतात, ते प्लास्टिकमध्ये अडकून बसतं. दुरुस्तीत कवळी तोंडात ठेवूनच माप (दातांचा ठसा) घेतात. माप काढताना कवळी त्यातच निघून येते. मग प्लास्टरचा साचा ओततात आणि त्यातल्या दातावर नवी तार वळवतात. कवळीत चर कोरून टोक त्यात ठेवतात आणि पावडर-लिक्विड कालवून चर भरतात. हे मिश्रण न उकळता घट्ट होतं, पण मूळ उकळून पक्क्या केलेल्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा कमकुवत राहतं. त्यामुळे तीच जागा पुन्हा तडकू शकते.

सुपरग्लू लावून आलेली कवळी मात्र डोकेदुखी ठरते. गोंदाच्या थरामुळे तुटलेल्या कडा नीट जुळत नाहीत, आणि तो आधी खरवडून काढावा लागतो. सुटलेली तार घशात जाण्याचा धोका वेगळाच, म्हणून अशी कवळी लगेच काढून ठेवावी. कवळी पाण्यात, तुटलेला तुकडा डबीत. दवाखान्यात जाताना दोन्ही सोबत न्यावं.