निरीक्षणगृहातल्या तपासणीने पोरगं ‘वेडं’ ठरतं का?

‘निरीक्षणगृहात पोराची मानसिक तपासणी झाली की तो कायमचा वेडा ठरतो, पुढं नोकरीही लागत नाही.’ बीड-लातूरकडच्या ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (निरीक्षणगृह म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात ती जागा.) भीती समजण्यासारखी आहे, पण माहिती चूक आहे.

तपासणीत विचारतात काय? झोप, भूक, नशा, मारहाण, जिवाचं बरंवाईट करायचे विचार. आईबाप ऊसतोडीला गेले की महिनोन्‌महिने एकटी राहिलेली पोरं यातलं बरंच काही पहिल्यांदाच बोलतात. बंद दाराआड आल्यावर पहिले दिवस जास्त जोखमीचे, म्हणून विचारपूसही लवकर हवी.

आता शिक्क्याचं. आजाराचं निदान झालं तरी तेवढ्यानं माणूस कायद्यानं वेडा ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवतं. हे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 3 मध्येच आहे. नोकरीचं म्हणाल, तर किशोर न्याय अधिनियम, 2015 चं कलम 74 बघा: प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांना मुलाची नोंद उघड करता येत नाही.

दोन्ही कायदे सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. भाषा किचकट वाटली, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात विचारा. मुलांसाठी तिथं वकीलही मोफत मिळतो.