दुकानात न दिसणारा काळा

टीव्हीच्या दुकानात काळा रंग दिसत नाही. छतावर पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या रांगा, भिंतभर लावलेले टीव्ही आणि सगळ्यांवर तीच ती फीत: पोपट, फोडलेली डाळिंबं, निळाशार समुद्र. असल्या उजेडात आणि असल्या भडक रंगांत स्वस्त पॅनेल (म्हणजे टीव्हीचा पडदा) आणि त्याहून बरं पॅनेल यांच्यातला फरक जवळजवळ पुसला जातो. घरी आणल्यावर रात्री दिवे मालवून एखादा रहस्यपट लावला, की मग कळतं आपण काय घेतलंय. काळ्या आकाशाच्या जागी राखाडी धुकं दिसतं, आणि खलनायकाचा कोट नि त्याच्यामागची भिंत एकच होऊन बसतात.

तीस-चाळीस हजारांत ५५ इंची टीव्ही घ्यायचा, तर तो बहुधा एलसीडीच असणार. खोक्यावर ‘एलईडी’ लिहिलेलं असलं तरी एलईडी फक्त मागचा दिवा असतो. चित्र तयार होतं पुढच्या द्रवस्फटिकांच्या (लिक्विड क्रिस्टल, एलसीडीतले ‘एलसी’) थरात. द्रवासारखे वाहणारे, पण रेणूंची स्फटिकासारखी काहीशी शिस्त पाळणारे हे पदार्थ. हे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे वागतात: विजेच्या दाबाप्रमाणे फिरतात आणि मागचा उजेड कमी-जास्त पुढे सोडतात. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनित्सर याला १८८८ मध्ये कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू आहेत असं आढळलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. तिच्यात एक पान बेंगळुरूचंही आहे. रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. पुढे तशाच रेणूंच्या पातळ पापुद्र्यांनी एलसीडी पडदे बाजूनेही नीट दिसावेत याची सोय झाली.

झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड येतोच. म्हणून एलसीडीचा काळा हा खरं तर अगदी मंद उजेड असतो. किती मंद, ते पॅनेलच्या जातीवर ठरतं. या किमतीत दोन जाती भेटतात, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसमध्ये पांढऱ्याचा उजेड काळ्याच्या साधारण १००० पट असतो, व्हीएमध्ये ३००० ते ५००० पट. मग सगळ्यांनी व्हीएच का घेऊ नये? कारण व्हीएचं चित्र समोरून उत्तम असलं तरी बाजूला सरकलं की रंग फिके पडतात. सोफ्यावर दोघंच समोर बसणार असतील तर प्रश्न नाही. पण आजी दिवाणावर कोपऱ्यात आणि मुलं खाली चटईवर, अशी बैठक असेल तर आयपीएसचा विचार करावा. एकाच मॉडेलच्या ४३, ५० आणि ५५ इंचांत पॅनेलच्या जाती वेगवेगळ्या असू शकतात, तेव्हा आपल्याला हव्या त्या आकाराचीच चौकशी करायची.

आता एक छोटं गणित, कारण माझ्या मते सगळी निवड इथेच ठरते. टीव्हीचा पांढरा ३०० निटचा आहे असं धरू. निट म्हणजे पडद्याच्या तेजाचं माप. मग व्हीएचा काळा (४००० पट धरून) ०.०७५ निट आणि आयपीएसचा ०.३ निट. अंधारात फरक चौपट, डोळ्याला सहज जाणवणारा. आता ट्यूबलाइट लावा. पडद्यावर १०० लक्स (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतोय आणि काच त्यातला २ टक्के परत फेकतेय असं मानलं, तर त्या परावर्तनाचेच साधारण ०.६४ निट होतात. हे दोन्ही पडद्यांच्या काळ्यात मिसळतात. मग व्हीएचं प्रमाण ४००० वरून ४२० च्या आसपास येतं, आयपीएसचं १००० वरून ३२० च्या आसपास. खिडकीतून ऊन येत असेल तर उरलासुरला फरकही जातो.

म्हणजे जो माणूस दुपारी पडदे उघडे ठेवून सामना पाहतो, त्याने गडद काळ्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याला जास्त तेज आणि कमी चकाकणारी काच हवी. रात्री जेवणं आटोपल्यावर दिवे घालवून सिनेमा पाहणाऱ्याचं बरोबर उलट. टीव्ही घ्यायला निघण्याआधी आपण कधी आणि कुठल्या उजेडात पाहतो हे कागदावर लिहावं, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. लोक हसतात आणि इंच किती घेऊ ते विचारतात.

काळा सुधारायचा आणखी एक उपाय आहे: मागचा दिवाच जागोजागी मंद करणं, म्हणजे लोकल डिमिंग. बऱ्याच स्वस्त टीव्हींमध्ये मागचे सगळे दिवे एकत्रच कमी-जास्त होतात. ‘डायरेक्ट एलईडी’ वाचून हुरळून जाऊ नये. दिवे कडेला नसून पाठीमागे आहेत एवढाच त्याचा अर्थ. मिनी एलईडी टीव्हीत लहान लहान दिव्यांचे गट स्वतंत्रपणे मंद होतात. ४के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात. गट १०० असतील तर एका गटामागे सुमारे ८३,००० पिक्सेल आले. त्यातला एकच तारा चमकत असला तरी अख्खा गट उजळतो आणि ताऱ्याभोवती प्रभावळ दिसते. त्यामुळे मिनी एलईडी हे नाव पुरेसं नाही, गट किती ते विचारा. विक्रेत्याला ते माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

‘क्यूएलईडी’ची गोष्ट निराळी. त्यात क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचे स्फटिककण असतात. त्यांच्यावर निळा उजेड पडला की लहान कण हिरवा आणि मोठे कण लाल उजेड देतात. रंग कणाच्या आकारावर ठरतो. या कणांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञान अस्सल आहे, रंगही खरोखर शुद्ध होतात. पण काळ्याचं काय? काहीच नाही. एचडीआरच्या, म्हणजे जास्त तेज आणि गडद अंधार दोन्ही दाखवणाऱ्या चित्राच्या, शिक्क्याचंही तेच. तो शिक्का म्हणजे टीव्हीला एचडीआरचा संकेत वाचता येतो, एवढंच. त्या संकेतात १०,००० निटपर्यंतच्या तेजाची तरतूद आहे. ३०० निटचा पडदा त्याचं काय करणार?

इंचांकडे येऊ. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, तर ४के मधला एक पिक्सेल ०.३२ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील सुटा दिसतो. या हिशोबाने ५५ इंचावर ४के चे पिक्सेल सुटे दिसायला १.१ मीटरवर बसावं लागेल आणि फुल एचडीचे २.२ मीटरवर. आपल्या दहा फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला की डोळे नि पडदा यांत आठ फूट, म्हणजे २.४ मीटर उरतात. तिथून फुल एचडी आणि ४के यांतला फरक जेमतेम कळेल. या आकारात बाजारात आता मुख्यतः ४के च मिळतात, तेव्हा त्यावर डोकं शिणवू नये. ८के मात्र या बजेटमध्ये कुणी देऊ केला तरी नको म्हणावं. आकारासाठी पडदा डोळ्यासमोर ३० अंशांत मावावा असा एक जुना दंडक आहे. त्यानुसार ५५ इंचाला साडेसात फूट, ६५ इंचाला पावणेनऊ फूट.

खरी अडचण टीव्हीपर्यंत येणाऱ्या चित्रात आहे. घरी डीटीएचचा साधा एसडी पॅक असेल तर एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल येतात. पडद्याला हवेत त्याच्या वीसपट. उरलेले एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरायचे. पडदा जितका मोठा तितका तो अंदाज उघडा पडतो, आणि मालिकेतली सासूबाई मेणाची दिसू लागते. घरात मुख्यतः एसडी वाहिन्याच चालणार असतील, तर मोठ्या टीव्हीआधी एचडी पॅक घ्यावा.

क्रिकेटसाठी म्हणून ‘मोशन रेट २४०’ वगैरे आकडे दाखवले जातात. ते टीव्हीच्या आतल्या चित्रप्रक्रियेचे असतात, पॅनेलचे नव्हेत. पॅनेलचा आकडा हर्ट्‌झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, असा विचारायचा आणि या किमतीत तो बहुतेक वेळा ६० निघतो. अशा पॅनेलवर प्रत्येक चित्र सेकंदाचा साठावा भाग जागीच थांबतं, डोळा मात्र चेंडूमागे सरकत राहतो. चेंडू एका सेकंदात पडदा ओलांडत असेल तर तो ६४ पिक्सेलभर फरफटलेला दिसतो.

स्मार्टपणावर फार पैसे घालवू नयेत. आतला प्रोसेसर दोन-तीन वर्षांत रखडू लागला तर मागे इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी एक स्टिक लावता येते. पॅनेल बदलता येत नाही. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतःची फीत न्यावी, रात्रीचं दृश्य आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असलेली. टीव्ही ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’ मोडवर आणायला सांगावं, समोरून पाहावं आणि मग चार पावलं बाजूला जाऊन पाहावं. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तीस हजार मूळ किमतीवर तीन हजार वाचतात, आणि तेवढ्यात एक बरा साउंडबार येतो. पातळ टीव्हीच्या मागच्या चिमुकल्या स्पीकरांतून संवाद नीट ऐकू येत नाहीत, हे ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांना सांगायला नको.