झूम करणं वेगळं, चालत जवळ जाणं वेगळं

"सर, झूम केलं काय नि चार पावलं पुढे गेलो काय, फोटो तोच ना येणार?" नववीतलं कुणीतरी दरवर्षी हे विचारतंच. मुलांनाच का हसा, लग्नात फोटो काढणाऱ्या मामा-काकांचाही हाच समज असतो. दोन्हींत समोरचं मोठं दिसतं, म्हणून घोळ.

फळ्यावर समजावून हे पटत नाही. शाळेत मोबाईलला बंदी, म्हणून एखाद्या शनिवारी सकाळी मुलांना मुंबईच्या ओव्हल मैदानावर घेऊन जातो. समोर राजाबाई टॉवर. १८७८ साली बांधून झालेला, ८५ मीटर उंच, आणि आमच्या कामाचा मोठा गुण म्हणजे मॉडेल म्हणून उभा केला की हलत नाही. त्याच्या पुढ्यात दीड मीटर उंचीचा एक मुलगा बॅट घेऊन उभा करायचा.

फोटो काढणारा मुलापासून २ मीटरवर आणि टॉवरपासून २०० मीटरवर आहे असं धरू. फोटोत मुलगा १५ सेंटिमीटर आला, तर टॉवर येतो साधारण साडेआठ सेंटिमीटर. दीड मीटरच्या पोरापुढे ८५ मीटरचा टॉवर बुटका! आता फोटो काढणाऱ्याने आठ मीटर मागे जायचं. मुलापासूनचं अंतर २ चं १० झालं, म्हणजे पाचपट. टॉवरपासूनचं २०० चं फक्त २०८. मुलगा पाचपट लहान झाला, टॉवरला जवळजवळ काही फरकच पडला नाही. तिथूनच पाचपट झूम करा. मुलगा पुन्हा १५ सेंटिमीटरचा होईल, पण टॉवर आता ४१ सेंटिमीटरचा, फ्रेममध्ये मावणारसुद्धा नाही.

गणित एवढंच आहे: वस्तू फोटोत किती मोठी दिसणार हे तिच्या उंचीला अंतराने भागून येतं, आणि झूम त्या सगळ्याला एकाच आकड्याने गुणतो. मुलाला पाचने, टॉवरला पाचने, मधल्या झाडांनाही पाचने. त्यामुळे कोण कोणापेक्षा किती मोठा हे नातं झूमने बदलत नाही. ते बदलतं पायांनी.

खात्री करायची तर जागेवरून न हलता दोन फोटो काढा, एक साधा, एक झूम करून. मग साध्या फोटोचा मधला भाग कापून मोठा करा आणि दुसऱ्याशेजारी ठेवा. मुलगा, टॉवर, झाडं, सगळं एकमेकांच्या मानाने तसंच जुळेल. फरक दिसेल तो स्पष्टपणात आणि मागचं किती धूसर झालं यात. (फोनमधला बराचसा झूम हेच कापण्याचं काम करतो, ज्या फोनला दूरची वेगळी लेन्स असते तो तिच्यावर उडी मारतो, एवढंच.)

सेल्फीत नाक मोठं येतं त्याचा दोष मुली कॅमेऱ्याला देतात. कॅमेरा बिचारा निर्दोष. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर आणि कान त्याच्या १२ सेंटिमीटर मागे असेल, तर नाक कानाच्या मानाने ४० टक्के मोठं उमटतं. तोच फोन मैत्रिणीच्या हातात देऊन दीड मीटरवरून, हवं तर झूम करून फोटो काढला, की ही वाढ ८ टक्क्यांवर येते.

उलटं उदाहरण विसर्जनाच्या गर्दीचं. लांबून, लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेल्या फोटोत माणसाला माणूस चिकटलेला दिसतो. 'लेन्सने अंतर दाबलं' असं सगळे म्हणतात, पण दाबलं ते फोटोग्राफर लांब उभा राहिला म्हणून. लेन्सने फक्त तो तुकडा मोठा करून दिला. बातमीतला गर्दीचा फोटो बघताना मी मुलांना आधी हेच विचारतो, काढणारा कुठे उभा होता?

हा विषय मी फोटोग्राफीच्या तासाला घेत असलो तरी माझा जीव अडकलेला असतो चित्रकलेत. एलिमेंटरी परीक्षेचं वस्तुचित्र घ्या. टेबलावर तांब्या ठेवलाय. तांब्या कागदावर मोठा काढणं म्हणजे झूम. बाक पुढे ओढणं म्हणजे चालत जवळ जाणं. मुलं या दोन गोष्टी एकच समजतात आणि तांब्याच्या तोंडाशी फसतात. डोळा तोंडाच्या ४० सेंटिमीटर वर आणि ६० सेंटिमीटर लांब असेल, तर ते गोल तोंड जे लंबवर्तुळ दिसतं त्याची उंची रुंदीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. डोळ्याची उंची तीच ठेवून मागे, तांब्यापासून तीन मीटरवर बसलात, तर जेमतेम आठवा हिस्सा, जवळजवळ रेघच. मागे बसलेल्या मुलीने तांब्या कागदभर काढला तरी तोंड चपटंच राहायला हवं.

पटत नसेल तर खिडकीशी या. चित्र म्हणजे खिडकी असं इटलीचा वास्तुकार अल्बर्टी याने १४३५ सालीच लिहून ठेवलंय. आम्ही ती खरोखरीची वापरतो. एक डोळा मिटायचा, डोकं न हलवता बाहेरची इमारत काचेवर मार्करने गिरवायची. मग दोन पावलं मागे सरकायचं. गिरवलेल्या रेघा इमारतीवर बसेनाशा होतात आणि वर्गात एकच गलका. (मार्कर पुसला जाणारा घ्या. एका वर्षी शिपाईकाकांनी मला चांगलंच ऐकवलं होतं.)

आणि परीक्षेत मागच्या बाकावरून पुढच्याचं बघून काढणारा सापडतो तोही याच कारणाने. त्याच्या कागदावरचं तांब्याचं तोंड चांगलं ऐसपैस उघडलेलं असतं. त्याच्या जागेवरून ते तसं दिसणं शक्यच नसतं.