कॉलेजात शिकवणारे पुरुष जगात कुठे किती, आणि हा आकडा मुळात आला कुठून

सोलापुरातल्या एका जुन्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये भिंतीवर ग्रुप फोटो लावलेत, वर्षवार. साठच्या दशकातला एक आहे त्यात, पुढं खुर्च्यांवर कोट-टायवाले सर, मधेच एक धोतर-टोपीतले, मागं दोन रांगा उभ्या, आणि अगदी कडेला पांढऱ्या साडीतल्या एकच बाई. तिथून तशाच सरकत सरकत अलीकडच्या फोटोपर्यंत आलं की बायका निम्म्याच्या जवळपास दिसतात. जगाचा आकडा वाचताना मला हीच भिंत आठवते.

युनेस्कोची आकडेवारी सांगते की जगात कॉलेज-युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्यांत बायका साधारण ४३ टक्के, म्हणजे पुरुष ५७. प्राथमिक शाळेत मात्र बायका ६६ टक्के! म्हणजे पोरं जितकी मोठी होतात तितके शिकवणारे पुरुष वाढत जातात. भारतात २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात (AISHE, ऐशे म्हणतात त्याला) कॉलेज-युनिव्हर्सिटीतले जवळपास १६ लाख शिक्षक निघाले, त्यात ५६.६ टक्के पुरुष, म्हणजे ९ लाखांच्या आसपास. जगाच्या सरासरीलाच आपण आहोत.

आता हे असं का, तर दार कुणासाठी कधी उघडलं ते बघावं लागतं. मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ ची, आणि आपल्या देशातल्या पहिल्या दोन बाई ग्रॅज्युएट, कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू, झाल्या १८८३ साली, त्याही कलकत्त्याला. कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं १९१६ मध्ये. आणि इंग्रज फार पुढं होते असं समजू नका, ऑक्सफर्डनं बायकांना पदवी द्यायला १९२० उजाडवलं, केंब्रिजनं तर १९४८, म्हणजे आपण स्वतंत्र झाल्यावर. ज्यांना पदवीच मिळत नव्हती त्या शिकवायला कुठून येणार? सोलापुरात दयानंद कॉलेज १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं, तोवर शिकलेल्या बायकांची पिढीच लहान होती, त्यामुळं त्या फोटोत एकच बाई दिसते त्यात नवल नाही.

रशिया आणि आसपासच्या देशांत उलटं चित्र आहे, तिथं बायका निम्म्याहून जास्त. सोव्हिएत काळात बायकांना शिकवणं आणि नोकरीला लावणं हे सरकारचं धोरणच होतं, नंतर नव्वदच्या दशकात प्राध्यापकांचे पगार पार घसरले तेव्हा बरेच पुरुष दुसरीकडं वळले. सहाराच्या खालच्या आफ्रिकेत मात्र चारातले तीन शिक्षक पुरुष आहेत. जपान एवढा श्रीमंत, तरी तिथं बायका तीस टक्क्यांच्या आतच, त्यामुळं नुसता पैसा आला की फरक पडतो असंही नाही.

आणि प्रदेशांची तुलना करताना मला खरी अडचण वाटते ती कप्प्यांची. हल्ली मध्य आणि दक्षिण आशिया एकत्र धरतात, म्हणजे कझाकस्तान, जिथं बायका जास्त, आणि भारत, जिथं पुरुष जास्त, एकाच टोपल्यात. त्यात भारत एवढा मोठा की सरासरी आपलीच निघते आणि कझाकस्तान दिसतच नाही. शिवाय नुसती पुरुषांची संख्या लावली तर लोकसंख्या जास्त तो प्रदेश वर, त्यावरून कुठं पुरुषांचं वर्चस्व आहे ते कळत नाही, त्याला टक्काच लागतो. आणि टक्क्यातही वरची पदं झाकली जातात, आपल्याकडं असिस्टंट प्रोफेसरमध्ये बायका बऱ्या आहेत पण फुल प्रोफेसरपर्यंत येता येता कमी होत जातात.

अजून एक. हे सगळे आकडे म्हणजे डोकी मोजलेली. माझा एक मित्र नेट (प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) पास आहे, सीएचबीवर, म्हणजे पर्मनंट नाही, तासाप्रमाणे पैसे. सकाळी सोलापुरात दोन लेक्चर घेतो, मग एसटीनं मोहोळ, तिथं दुपारी दोन, उन्हाळ्याच्या सुट्टीत हातात काहीच नाही. डोकी मोजताना तोही एक पुरुष शिक्षक आणि पंचवीस वर्षं पर्मनंट असलेले एचओडी (विभागप्रमुख) सरही एकच.