एटीएमचा पिन उलटा टाकला की पोलीस येतात?

सोलापुरात भिशीच्या, सोसायटीच्या ग्रुपवर हा निरोप अधूनमधून फिरतो: चोरानं एटीएमवर गाठलं तर पिन उलटा टाका, पैसेही निघतील आणि पोलिसांना गुपचूप खबरही जाईल.

अशी सोय नाही. कल्पना मात्र हवेतली नव्हे. अमेरिकेत १९९८ मध्ये तिचं पेटंटही निघालं, म्हणून निरोप पटण्यासारखा वाटतो. पण तिथल्याच सरकारी अहवालाला २०१० मध्ये ती कुठल्याही मशीनवर बसवलेली आढळली नाही.

कागद घेऊन बघा. २११२ उलटा लिहिला तरी २११२च. चार आकडी दहा हजार पिनांत असे शंभर निघतात. असा पिन असलेली माणसं पैसे काढतात तेव्हा नवी पेठेत पोलिसांची गाडी येत नाही! शिवाय आपला पिन मशीनला माहीतच नसतो. तो सांकेतिक रूपात बँकेकडे जातो, जुळला की नाही एवढंच उत्तर येतं. १२३४ ऐवजी ४३२१ म्हणजे निव्वळ चुकीचा पिन: पैसे निघत नाहीत, चोर मात्र बिथरतो.

खात्री मशीनवर करू नका, कार्डामागच्या नंबरवर बँकेला विचारा. प्रसंग आलाच तर पैसे देऊन टाका. सुरक्षित जागी पोचलात की ११२ लावा आणि कार्ड बंद करून घ्या.