'जेंटल ब्रीझ' म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर

मोबाइलवरची हवामान अ‍ॅप 'लाइट एअर', 'लाइट ब्रीझ', 'जेंटल ब्रीझ' असे शब्द दाखवतात. इंग्रजीत ललित लिहिणारी मंडळी तेच शब्द कानाला गोड लागतील तिथे पेरतात. पण ही वाऱ्याची मापे आहेत. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने जानेवारी १८०६ मध्ये आपल्या रोजनिशीत वाऱ्याची श्रेणी नोंदवली. अभियंता स्मीटन आणि सागरी नकाशे करणारा डॅलरिंपल यांनी त्याआधी अशी कोष्टके केली होती, नाव मात्र ब्यूफोर्टचे झाले. पुढे या श्रेणीला युद्धनौकेचे माप जोडले गेले. जहाज सुकाणूला जेमतेम दाद देते तो 'लाइट एअर'. सगळी शिडे उभारून संथ पाण्यात १ ते २ नॉट (ताशी सागरी मैल) वेग मिळाला तर 'लाइट ब्रीझ', ३ ते ४ मिळाला तर 'जेंटल'. जमिनीवरच्या खुणा १९०६ मध्ये हवामानशास्त्रज्ञ जॉर्ज सिम्पसनने बसवल्या.

श्रेणी १, ताशी १ ते ५ किलोमीटर: धूर कलतो, पण वातकुक्कुट (छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा) ढिम्म. श्रेणी २, ६ ते ११: चेहऱ्याला वारा जाणवतो, पाने सळसळतात, वातकुक्कुट फिरतो. श्रेणी ३, म्हणजे 'जेंटल': पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा फडफडतो. श्रेणी ४, २० ते २८: धूळ आणि सुटे कागद उडतात.

खुणांचा हा क्रम असाच का? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: हवेची घनता (घनमीटरला सुमारे १.२ किलो) गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. सेकंदाला १ मीटर वाऱ्यात हा दाब फक्त ०.६ पास्कल भरतो. ए-फोर आकाराचा कागद वाऱ्यासमोर उभा धरला तर त्याच्यावर जेमतेम ४ ग्रॅम वजनाइतका जोर येतो आणि कागदाचे स्वतःचे वजनच ५ ग्रॅम असते. तोच वारा ६ मीटरचा झाला की जोर ३६ पट, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास. टेबलावरचा कागद श्रेणी ४ मध्ये का उडतो, हे यातून कळते. वातकुक्कुटाला आधी आसाचे घर्षण मोडावे लागते, म्हणून तो मागे राहतो. धुराला ना आस, ना वजन; तो हवेबरोबर वाहतो. उदबत्तीचा धूर ४५ अंशांत कलला तर वाऱ्याचा वेग आणि धुराचा वर चढण्याचा वेग सारखा आहे, एवढे खात्रीने म्हणता येते. मात्र धूर काही अंतर सरळ चढून आपोआप विस्कटतो. तो वारा समजू नये. पाहायचे ते खालच्या सरळ भागाकडे.

श्रेणी आणि वेग यांचे गणितही याच वळणाचे आहे. श्रेणीच्या घनाचे वर्गमूळ काढून ०.८३६ ने गुणले की मीटर प्रति सेकंद मिळतात. श्रेणी २ ला २.४, श्रेणी ४ ला ६.७. दाब वेगाच्या वर्गात वाढत असल्याने तो श्रेणीच्या घनात वाढतो. २ वरून ४ वर गेलात की आठपट.

पानांवरून वारा ओळखायचा तर झाड निवडताना पिंपळ टाळावा. त्याचे देठ लांब, बारीक आणि लवचीक असते, त्यामुळे इतर झाडांचे पान हलत नसतानाही पिंपळ सळसळतो. मुंज्याला यात काही काम नाही, देठ पुरेसे आहे. आंबा किंवा फणस बघावा.

अ‍ॅप 'जेंटल ब्रीझ' सांगते आणि अंगणात झुळूकही नसते, याचेही कारण साधे आहे. अधिकृत वेग १० मीटर उंचीचा असतो. मोकळ्या गवताळ मैदानात डोक्याच्या उंचीवर त्याच्या साधारण ७० टक्के वारा उरतो, इमारतींच्या मध्ये त्याहून बराच कमी. त्यामुळे इंग्रजी कथेत उघड्या माळावर 'जेंटल ब्रीझ' वाहत असेल आणि शेजारी मेणबत्ती स्थिर जळत असेल, तर त्यातले एक खोडावे. मेणबत्ती हवीच असेल तर 'लाइट एअर' लिहा, आणि ज्योत थोडी कललेली दाखवा.